रकाना सात

नूतनीकरणाच्या अर्जात सातवा रकाना आहे:
केंद्राचा इतिहास, थोडक्यात.
जागा चार ओळींची.

पहिली ओळ मी लिहिली:
पन्नास वॅट, नव्वद पूर्णांक चार.
मग खिडकीतून टॉवर दिसला
आणि पेन तिथंच थांबलं.

टॉवर आधी टॉवर नव्हता.
बंद पडलेल्या जिनिंगची पाण्याची टाकी होती.
रऊफ मिस्त्री वर चढला, कमरेला बैलाचं दावं बांधून,
खाली आम्ही सात जण, माना वर,
आणि वरून तो ओरडला,
'इथून माह्यं घर दिसते बे!
बायको शिव्या देऊन राह्यली!'

आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये
म्हणून शहरातल्या माणसानं फोम सांगितला.
फोमचा भाव ऐकून गिरजाबाई ढोबळे उठल्या,
जिनिंगच्या कोपऱ्यातला कचरा-कापूस
जुन्या लुगड्यांत भरून भिंतीला टाचला.
अजून दमट दिवसांत
हवामानाचा अंदाज सांगताना
नाकात सरकीचा वास येतो.

पहिलं वाक्य ठरलेलं होतं,
गुरुजींनी सुवाच्य लिहून दिलेलं,
त्यात 'सुवर्णाक्षरांनी' हा शब्द दोनदा.
पण लाल दिवा लागला
आणि देवानंद टेंभुर्णे कागद विसरून म्हणाला,
'आयकू येऊन राह्यलं का?'

उत्तर पंचवीस मिनिटांनी आलं, सायकलवर:
'येऊन राह्यलं. पण लय खरखर करते.'

नंतरची वर्षं म्हणजे
हरवलेली शेळी, डावा कान चिरलेला,
लाईट जायच्या वेळा,
तुरीचा भाव, धरणाचं पाणी, कुणाचं तेरवीचं आमंत्रण.
एक वर्ष दहावीचे नंबर वाचले,
फक्त पास झालेल्यांचे.
पण एकेचाळीस आणि त्रेचाळीसच्या मधे
मी घेतलेला श्वास
सगळ्या गावानं ऐकला.
पुढच्या वर्षी नंबर वाचले नाहीत.

गुरुवारी अर्धा तास कोलामी.
पोडावरून जैतुबाई टेकाम आल्या,
माईक धरला, जसा निखारा चिमट्यात धरतात,
आणि चाळीस मिनिटं बोलल्या.
आमच्यातल्या एकालाही काही कळलं नाही.
देवानंद काचेपलीकडून मान हलवत राहिला.
पोडावर म्हणे लोक आधी हसले,
मग कुणी कुणाशी बोललं नाही.
नातवाला अर्थ विचारला,
तो चपला घालत म्हणाला, 'घरचं होतं.'
जैतुबाई आता नाहीत.
डिस्क भरते तेव्हा मी कीर्तनं उडवते, मुलाखती उडवते,
'गुरुवार तीन' ही फाईल तेवढी ठेवते.

आमचा आवाज बारा किलोमीटर जातो.
खडकी नाल्याच्या पुलावर संपतो.
एसटीचे ड्रायव्हर तिथं हात पुढे करून बटण फिरवतात,
गाणं अर्ध्यात असलं तरी.
बातम्या वाचणारी सुलभा डहाके पुलापल्याड दिली.
तिनं एकदा फोन केला:
'स्लॅबवर, टाकीच्या कोपऱ्यात,
एक पाय उचलला का येते.'
मी विचारलं, कोणता पाय?
ती हसली नाही. म्हणाली, 'उजवा.'

मग वीज पडली.
ट्रान्समीटर काळा, आतून जळक्या गुळासारखा वास.
एकोणीस दिवस आम्ही नव्हतो.
मी बाजारात गेले, खाली मान घालून,
तर भगवंताच्या पानठेल्यावर रेडिओ लावलेला,
नुसती खरखर, मोठ्या आवाजात,
आणि चार माणसं तिच्याखाली बसून खर्रा घोटतायत.
'बंद कर ना बाबा,' मी म्हटलं.
चुना पुसत तो म्हणाला,
'बंद केला अन् तुम्ही आले, त समजन कसं?'

अर्जाच्या तळाशी बारीक छापलंय:
खाडाखोड ग्राह्य धरली जाणार नाही.
दुसऱ्या ओळीवर मी लिहिते, प्रसारण अखंड.
मग 'अखंड' खोडते.
मग खोडलेल्यावर पुन्हा, जरा दाबून,
'अखंड' लिहिते.