पंक्चरच्या डब्यातली किल्ली

थाळनेरला आलेला पाहुणा
आधी माझ्या सायकलच्या दुकानाशी थांबतो.
मकबऱ्याची किल्ली पंक्चरच्या डब्यात असते,
तिला सोल्यूशनचा वास येतो,
इतिहासाचा नाही.

परवा एक बाई आली, पांढऱ्या केसांची,
शिरपूरहून रिक्षाने, मांडीवर वही.
म्हणाली, तोलेदो.
मला वाटलं, नाव सांगतेय.
ते तिचं गाव निघालं. स्पेनमधलं.

मी नेहमीचं पाठ केलेलं म्हटलं :
हा सुलतान, तो त्याचा मुलगा,
ही अमुक वर्षांची जुनी, हिला बारा कोन.
तिचा मोबाईल तिला समजावत होता,
माझ्याशी पुण्याच्या बाईच्या आवाजात बोलत होता.
आठ, तो म्हणाला.
मी मोजले.
आठच.
वीस वर्षं मी लोकांना
चार कोन फुकट देत होतो.

भिंतीवरच्या अक्षरांवर तिने बोट ठेवलं, न टेकवता.
आमच्याकडे देवळाच्या छतात हीच आहेत, म्हणाली,
कोरणाऱ्याला वाचता यायची,
खाली गुडघे टेकणाऱ्यांना नाही.
तरी कोणी खरवडली नाहीत.
सुंदर दिसत होती ना.

तेवढ्यात शेळ्या घेऊन सुपडाबाई आली,
कमरेवर हात ठेवून विचारलं,
"कथाईन उनी व माय तू?"
मोबाईल गप्प.
पुन्हा धरला तिच्या तोंडासमोर.
गप्प.
पुण्याच्या बाईला अहिराणी येत नव्हती.
मग त्या दोघीच हसल्या,
आणि एका शेळीने वहीचा कोपरा खाल्ला.

घाटावर तिने काडीने वाळूत नदी काढली,
गावाला वळसा घालून जाणारी.
ताहो, म्हणाली.
मी म्हटलं, तापी.
दोन्ही 'ता'पासून निघतात,
दोन्ही मावळतीला जातात,
एवढंच आम्हाला मोबाईलशिवाय कळलं.

जाताना तिने विचारलं,
यातलं तुला काय आवडतं?
असं कोणी विचारत नाही.
मी उंबऱ्यातला खळगा दाखवला,
पावलांनी झिजलेला, ओंजळीएवढा.
उन्हाळ्यात मी त्यात पाणी भरतो,
चिमण्यांसाठी.
तिने किल्ल्याचा नाही,
त्याचा फोटो काढला.

दिवाळीनंतर कार्ड आलं.
पत्ता : बशीर, सायकल, थाळनेर.
पोस्टमन बरोबर घेऊन आला.
चित्रात पूल, दगडी वेस, खाली हिरवं पाणी.
ट्यूब बदलायला आलेला पोऱ्या म्हणतो,
"हाई कोनतं गाव शे?"
नदीकाठचंच, मी म्हणतो,
जरा लांब पडतं.

आता मी आठ कोन सांगतो.
पाहुणे अजून मोजत नाहीत.