रकाना सातवा

रक्तपेढीच्या पोस्टरवर लिहिलंय, सगळ्यांचं रक्त लाल.
तीस वर्षं त्या पोस्टरखाली बसून सांगते,
लाल असतं, सारखं नसतं.
मांडवीपाशी स्कूटर घसरली तेव्हा
सख्ख्या भावाला माझं रक्त चाललं नाही.
चाललं ते पाणीगेटच्या एका पतंगवाल्याचं,
ज्याचं नाव आईला पुढे कधी
घेताही आलं नाही
आणि विसरताही.

आज यंत्रात तीन नमुने, शेजारी शेजारी.
जीवली राठवा, वय नऊ, तालुका कवांट.
बाप दाराशी उकिडवा, परतीचं एसटीचं तिकीट मुठीत.
बराका म्वाकासेगे, वय एकवीस, टांझानिया,
इथे वाघोडियाला शिकायला.
तिसरी मी. तुलनेला कुणीतरी लागतं.

वीज सोडली की रक्तातलं लोह वाहणारं ते तांबडं
पट्टीवरून चालू लागतं, आपापल्या चालीनं.
माझी एकच रेघ.
जीवलीच्या दोन.
बराकाच्या दोन. त्याच जागी.
फूटपट्टी लावून पाहिलं.

मागे रेंगाळलेली रेघ विळ्याची.
तिच्यापायी पेशी वाकते,
आणि तिच्याचमुळे कोणे एके काळी
हिवतापात कुणाची तरी पणजी उठून बसली.
नर्मदेकाठी डास होते,
तिकडे त्याच्या सरोवराकाठीही होते.
डासांनी कातडी पाहिली नाही,
साचलेलं पाणी पाहिलं.
ही रेघ तिथून इकडे आली
की दोन्हीकडे आपापली उगवली,
शिकलेल्यांत अजून वाद आहे.
मला दिसतं एवढंच:
फरक आहे. खरा आहे. मोजता येतो.
आपण आखून दिलेल्या वाटेनं तेवढा चालत नाही.

माझे आजोबा गायकवाडीत जकातीवर कारकून.
म्हणायचे, आपलं राज्य म्हणजे उंदरानं कुरतडलेलं धोतर.
इथे तुकडा, तिथे तुकडा,
मध्येच इंग्रजांचं, पलीकडे कुण्या ठाकोराचं.
सकाळी निघालेली बैलगाडी दुपारपर्यंत
तीनदा परमुलखात जाऊन यायची
आणि बैलांना पत्ता नसायचा.
माती तीच, कपाशी तीच, बाभळीचा काटा तोच.
“मग हद्द खोटी होती?” मी विचारलं.
आजोबा हसले नाहीत.
“खोटी कशी?
पैसे तर खरे घेत होतो.”

फॉर्मवर सातवा रकाना: वंश.
रिकामा सोडला तर लाल होतो, पडदा पुढे सरकत नाही.
टिचकी मारली की यादी उघडते,
कुठल्याशा लांबच्या देशातून जशीच्या तशी उचललेली.
तिच्यात राठवा नाहीत.
आम्हीही नाही.
जीवलीच्या बापाला विचारलं. तो उठून उभा राहिला.
“तमे लखो ते, बेन.”

बराकाला विचारलं.
“घरी मी न्याक्युसा,” तो म्हणाला,
“विमानात बसलो आणि आफ्रिकन झालो.
तुमच्याकडच्या सोसायटीच्या गेटवर…”
थांबला.
“ते तुम्हाला माहीत असेल.”

माहीत आहे.
वॉचमनच्या तोंडून तो शब्द मी ऐकलाय
आणि दुधाची पिशवी घेऊन जिना चढलेय.

रिपोर्ट समजावला. आजार नाही, नुसता वाहक.
लग्न ठरलं की मुलीचंही तपासून घे.
तो मनापासून हसला.
आधी खोली तर मिळू दे, ताई.
फतेगंजात नऊ घरं झाली.
फोनवर असते,
मी दारात पोचेपर्यंत गेलेली असते.

आमची वरची खोली दिवाळीपासून बंद आहे.
किल्ली माझ्या पर्समध्ये, डब्याच्या खाली.
पट्टीवर त्या दोन दोन रेघा
अजून ओल्याच होत्या.

सातव्या रकान्यात मी काहीतरी भरलं.
पडदा पुढे सरकला.
मी पावती फाडली
आणि त्याचे तीस रुपये सुटे
मोजून परत केले.