पाऊणपट

म्हापशाच्या बाजारात, केळ्यांच्या ओळीमागे
माझा छापखाना. दोन यंत्रं, त्यातलं एक नुसतं रुसतं.
लग्नपत्रिका, तियात्राची जाहिरातपत्रं,
आणि डिसेंबरात दिवाडीच्या लोटलीकराची दिनदर्शिका:
सहाशे प्रती, वर लक्ष्मी, खाली तांदूळ-तेल घाऊक.

एकदा पंचायतीसाठी भित्तिपत्रक केलं होतं.
दोन तळहात, मधे हिरवी पृथ्वी, "वसुंधरा वाचवा",
आणि पावसानं भिजू नये म्हणून
वरून चकचकीत प्लॅस्टिकचा थर.
मला ते फार आवडलं होतं.
पुढे फेरीबोटीत दिसलं:
एस्पेरांसबाईनं त्यात सुके बांगडे बांधले होते.
पृथ्वी आतल्या बाजूला.
"कागद बरो आसा रे तुजो," म्हणाली,
"वास भायर येना."

फेर्मिन मानशीवर असतो.
मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं लाकडी दार.
भरती आली की पाणीच त्याला लोटून लावतं,
सुकती लागली की पाणीच उघडतं.
माणसानं काही करायचं नसतं,
फक्त दाराच्या जबड्यात काही अडकू द्यायचं नसतं.

त्या साली अडकली थंड पेयाची एक बाटली.
बोटभर फट.
रात्रभर खारं पाणी.
अकरा शेतं भात विसरली.

ती बाटली घेऊन तो होडीनं, मग बसनं, माझ्याकडे आला.
टेबलावर ठेवली. बसला नाही.
भिंतीवरच्या माझ्याच दिनदर्शिकेत
पौर्णिमेवर बोट टेकवून म्हणाला,
तिथीची पाऊणपट कर. तितके वाजले की भरती.
पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.
"हांगा बरयलेंच आसा मरे."

वीस वर्षं मी त्या चौकटीत तिथी छापत होतो.
समुद्र छापतोय हे ठाऊक नव्हतं.

मग लोटलीकराशी दोन आठवडे घासाघीस.
लक्ष्मी लहान झाली, कोपऱ्यात गेली, पण गेली नाही.
एकच शाई, निळी. कागद साधा, थर नाही,
पाठीमागे दुधाच्या हिशेबाच्या रेघा,
म्हणजे महिना फाडला तरी पान टाकवत नाही.
पौर्णिमा-अमावास्येच्या चौकटीत एवढंसं दार,
शेजारी भरतीची वेळ.
तासभर आधी बांधावर जा, कचरा काढा,
असं कुठेच लिहिलं नाही.
लिहायला हात शिवशिवत होते, ते खिशात घातले.

जानेवारी गेला. मे गेला.
कुणी चकार शब्द काढला नाही.
एकानं विचारलं, लक्ष्मी आजारी आहे काय.

ऑगस्टच्या पौर्णिमेला दुपारी फेर्मिनचा फोन.
मागे माणसांचा गलका, वारा, कुणाचं तरी पोर रडतंय.
"तुजी भरती खंय पावली?"

सतरा माणसं बांधावर उभी होती,
दाताळी, टोपल्या, एक मोडकी छत्री घेऊन,
उतरत्या पाण्याकडे बघत.
दार फेर्मिननं सकाळीच साफ केलं होतं;
तो काही वाचत नाही, पाण्याचा वास घेतो.
मी पान काढून पाहिलं.
११:१५ मधला एक १ गळला होता.
सव्वाला भरती, म्हणून सव्वाबाराला गाव हजर.

फेर्मिन शिव्या देत होता, मी ऐकत होतो,
आणि मला हसू आवरत नव्हतं, लाजही वाटत होती.
सहाशे चौकटींत एक आकडा कमी,
तेव्हा कुठे कळलं की चौकटी वाचतात.

नंतर एस्पेरांसबाईकडे गेलो, बांगड्यांसाठीच.
स्वयंपाकघरात, गॅसच्या वर, तेलाचा डाग पडलेला ऑगस्ट.
माझ्या निळ्या १ च्या आधी
बॉलपेननं काढलेला आणखी एक,
थोडा कललेला, दोनदा गिरवलेला.
बांगडे तिनं केळीच्या पानात बांधून दिले.
वास सगळ्या फेरीबोटभर येत राहिला.