व्याख्या

सिव्हिल लाइन्समध्ये, दुसऱ्या मजल्यावर
कूलरच्या वाळ्याला कुबट वास सुटलाय
आणि मी खाणींच्या नव्या नियमांचा मसुदा टाइप करतोय.
कलम दोन. व्याख्या.
'ओव्हरबर्डन म्हणजे खनिजाच्या वरचा,
काढून टाकावयाचा सर्व थर.'

हरकतींची आज शेवटची तारीख.
देवलापारहून दोन बस बदलून
फुलवंता परतेती आली आहे,
अर्ज पन्नीत गुंडाळून.
वाचून दाखवा जी, म्हणते.
मी वाचतो.

'वरचा म्हंजे? कोनाच्या वरचा?'
मँगनीजच्या, मी सांगतो.

ती बोटांवर मोजू लागते.
मोहाची सात झाडं.
टेंभराचं एक, वीज पडलेलं, तरी फळतं.
विहीर. खदानीआधी ती
जेठातही आटत नव्हती.
सासू.

मी वर पाहतो.

'तिले जाळलं नाही जी, पुरलं.
थे बी काढून टाकावयाचीच का?'
'टाकावयाची' ती माझ्यासारखीच म्हणते,
शब्द तोंडात नवा, पण नीट.

साहेब जेवायला गेलेत.
'थर'नंतर मी स्वल्पविराम देतो,
लिहितो: वगळून.
मग कर्सर लुकलुकत राहतो.
सरकारी मराठीत सासूला काय म्हणायचं?

साहेब लाल रेघ मारतील, ठाऊक आहे.
पण खोडण्याआधी त्यांना वाचावं लागेल.

आवक क्रमांक चारशे सतरा.
पावती ती कनवटीला लावते
आणि जात नाही, बाकावर बसते.
पाचची बस गेली तर गेली, म्हणते,
तुमी लिवा.