अडीच फूट

कुठं तोडायचं नाही, हे मी आधी शिकलो. तोडायला पुष्कळ नंतर.
मुकादम सांगायचा, स्लॅब झाला की हात आवर,
कॉलमच्या डोक्यावर अडीच फूट सळी सोड,
ती त्यांच्या पोरांची आहे.

सत्त्याऐंशी साली आण्णासो मगदुमांनी
बापट कॅम्पात दीड गुंठ्यावर घर घातलं.
शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर. नुकतेच कायम झालेले.
'कायम' हा शब्द ते खारीसारखा चहात बुडवून खायचे.
खाली दोन खोल्या, बाहेरून जिना.
जिना वर जाऊन नुसताच उभा, आभाळाशी काही काम असल्यासारखा.
"थोरला लागला की वरचा मजला,
धाकट्याचं ठरलं की त्याच्यावर अजून एक.
सळी बारा एमएमचीच घाल, कंजूषपणा नको."
सहा कॉलम, चोवीस सळ्या.
मी मोजून सोडल्या,
वर सिमेंटचं पाणी फिरवलं, गंजू नयेत म्हणून.

तेव्हा सगळ्या गावाच्या डोक्यावर अशा सळ्या होत्या.
फुलेवाडी, उचगाव, साने गुरुजी वसाहत.
जोतिबाच्या वाटेवर थांबून मागं बघितलं
तर कोल्हापूर अजून बांधायचं राहिलंय असं वाटायचं,
आणि त्याचं कुणाला वाईट वाटायचं नाही.

थोरला पुण्याला गेला. कंपनी बदलली, मग फ्लॅट, मग फोन नंबर.
धाकटा गोकुळ शिरगावला, ठेकेदाराकडं.
अकरा महिन्यांचा कागद,
बारावा महिना घरी,
परत अकरा.
अकरा महिन्यांच्या माणसाला वीस वर्षांचं कर्ज
कुठली पतसंस्था देणार?
सळ्या तांबड्या झाल्या.
आण्णासोंनी त्यांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातल्या,
टोपडी घालावीत तशा.

एकोणीसच्या ऑगस्टात
मजला आला नाही, पाणी आलं.
गच्चीवर अकरा माणसं, दोन शेळ्या, एक मिक्सर,
प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड.
होडी आली तेव्हा तिचा दोर बांधायला
त्या अख्ख्या गल्लीत दुसरं काही वर उरलं नव्हतं.

आण्णासो गेले त्याला तीन वर्षं झाली.
परवा त्रिशलाचा फोन आला. धाकट्याची पोरगी.
"काका, सळ्या कापून द्या. सोलर बसवायचंय."
मी ग्राइंडर घेऊन गेलो.
ती रात्री काम करते, दिवसा झोपते, घरातनंच.
म्हटलं, कंपनी कुठं आहे तुझी?
"कुठंच नाही, काका. मालकीण पण घरातनंच चालवते."
आणि पुढं मजला?
हसली. वाईट नाही हसली.
"पुढं मी इथं असेन का, तेच माहीत नाही.
असले तर भाड्यानं, पूररेषेच्या वर.
आणि एक भिंत पाहिजे,
कॉल चालू असताना
माझ्या पाठीमागनं कुणी जाणार नाही अशी."

एक भिंत.
मी आयुष्यभर कॉलम बांधले, भिंतीचा हिशेब गवंड्याचा.
तरी मान हलवली.

ठिणग्या कौलांवर गेल्या, शेजारच्या बाईनं वाळत घातलेल्या
कुरडया आत नेल्या, मला दोन शिव्या दिल्या.
भंगारवाल्यानं काटा लावला.
आण्णासोंचे दोन मजले
चौदा किलो भरले.

माझ्या घरावर अजून आहेत.
पोरगा विचारत नाही, मी सांगत नाही.

बावीस कापल्यावर ती वर आली, म्हणाली, थांबा.
"ह्या कोपऱ्यातल्या दोन असू देत. दोरी बांधायला."
कपड्यांची ना? मी विचारलं.
तिनं पंचगंगेच्या बाजूला बघितलं,
तेवढ्यात खालून लॅपटॉप वाजला
आणि ती पळत जिना उतरली.
मी डबा उघडून
दोन्हींना रेड ऑक्साइड मारला.