झाकणातले बटाटे

वर्षाची मिस्सा आटपून तलावावरून घरी आलो,
तेव्हा चरईतल्या आमच्या स्वयंपाकघरात
गॅसच्या आधी वाद पेटला होता:
रोस्टबरोबर बटाटा कुठला?

ऑब्री अंकल म्हणाले, मॅश.
लोणी, गरम दूध, जायफळाची चिमूट.
बावीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस.
चमच्याने मधे खळगा कसा करायचा
आणि ग्रेव्ही त्यात कशी तुंबवायची,
हे त्यांनी हवेतच करून दाखवलं.
क्लोटिल्डा म्हणाली, चॉप्स हवेतच.
आत खिमा, वरून रवा, नाहीतर लोक म्हणतील
ममी गेली, घराचा हात गेला.
नेविल म्हणाला, कशाला एवढं,
मांसाखाली ट्रेमध्ये पडतात तेच खरे बटाटे,
बाकी सगळी सजावट.

पपा काही बोलले नाहीत.
ते नळाखाली बटाटे धूत होते,
एकेक, डोळे अंगठ्याने चाचपत.
जांभळी नाक्यावरून आणलेले तीन किलो.

मी पेंडश्यांची. नौपाडा ते चरई,
चालत बारा मिनिटांचं सासर.
पहिल्या ईस्टरला या टेबलाशी बसले तेव्हा
मधोमध काहीतरी तांबूस, चकाकणारं, सुतळीने बांधलेलं,
आणि त्याच्याभोवती बटाटे.
कडा करपलेल्या, पोटं सोनेरी.
त्या अख्ख्या टेबलावर माझ्या ओळखीचं तेवढंच.
हात पुढे केला
तर ममीने मनगट धरलं.
"ते नाही, बाय. ते चरबी प्यालेत."

उठल्या. ओव्हनच्या तळातून
बिस्किटांच्या डब्याचं झाकण ओढून काढलं.
त्यात आठ बटाटे. शेंगदाण्याचं तेल,
बॉटल मसाल्याचा नुसता वास,
आणि जिरं.
जिरं कुणी सांगितलं असेल त्यांना?
बामणांच्या पोरीला काय लागतं
हे त्या चरईत कुणाकुणाला विचारत फिरल्या असतील?
मी विचारलं नाही.
एकोणीस वर्षं झाकण निघत राहिलं,
नाताळ, ईस्टर, पपांचा वाढदिवस,
एकदा तर नुसत्या रविवारी.
त्या पदार्थाला नाव पडलं नाही,
म्हणून तो कुठल्या वादातही आला नाही.

आज रोस्ट माझ्याकडे होतं.
मीठ चाखता येत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाने
नेविलला हाक. त्याचं आपलं एकच, "ठीक आहे".
सुतळी सोडताना बोटं भाजली.
मॅश झाला, चॉप्स झाले, ट्रेमधलेही झाले.
माझ्यासाठी काही करायचं राहूनच गेलं.
पाव होताच, आणि कांदा.

सगळे बसले. प्रार्थना झाली.
पपा उठले.
झाकण दोन्ही हातांनी धरून आणलं,
तेच, काळंठिक्कर,
एका कोपऱ्यात अजून निळ्या रंगाचा ठिपका.
आठ नव्हते, अकरा होते. मोजायचं ममीकडे असायचं.
"बघ," म्हणाले, "तसेच झालेत का?"

मी चावा घेतला.
जिऱ्याच्या जागी बडीशेप.
ममीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या नसायच्या,
वासावर चालायचं सगळं,
आणि पपांना गेली दोन वर्षं वास येत नाही.

"तसेच," मी म्हटलं.

क्लोटिल्डाने न विचारता एक उचलला,
माझ्याकडे पाहिलं, गप्प चावत राहिली.
ऑब्री अंकलनी तर ग्रेव्हीत बुडवून दोन खाल्ले
आणि जाहीर केलं, हे चालतात.
वादाचा निकाल असा कुणाच्याच बाजूने लागला नाही.
मॅश निम्मा उरला. चॉप्स शेजारच्या मिस्किटांकडे गेले.

रात्री भांडी घासताना
झाकणात एक सापडला, थंड, सुरकुतलेला.
सिंकपाशी उभ्यानेच खाल्ला.
बडीशेप दाढेत अडकली
ती सकाळपर्यंत तिथेच होती.