नदी वर, शेत खाली

लिंकनशायरच्या या कोपऱ्यात नदी डोक्यावरून वाहते.
खरंच. पाणी बघायला बांध चढून जावं लागतं
आणि वळून पाहिलं की शेतं खाली,
काळी, कढईच्या बुडासारखी.
इथे दलदल होती. ती उपसली. माती वाळली,
वाळली तशी आक्रसली, उरली ती वारा नेतो,
वसंतात गाड्यांना दिवसाही दिवे लावावे लागतात.

गोदामामागे लोखंडी खांब आहे.
प्रिडमोरच्या आजोबांनी गाडला तेव्हा
टोक जमिनीबरोबर होतं.
आता ते माझ्या हनुवटीला लागतं.
हे तो कौतुकानं सांगतो,
घरातला मुलगा किती उंच झाला सांगावं तसं.

मी खांब घेतला. माझ्या कॅमेऱ्यात
रोलला बाराच फोटो बसतात,
म्हणून नजरेनं कंजूष झाले आहे.

मार्चचा दुसरा आठवडा.
डॅफोडिल कळीतच तोडतात, हिरवे असताना,
पेन्सिलीसारखे. दहांची जुडी, जुडीला रबर.
पिवळा रंग नंतर उमलतो,
शहरात, कुणाच्या तरी ओट्यावर, मंगळवारी वगैरे.
माझी फिल्मही काळीपांढरी.
म्हणजे त्या शेतात पिवळं कुणालाच दिसलं नाही.

देठातून चीक गळतो. बोटांच्या बेचक्यातली कातडी सुटते.
हातमोजे मिळतात, पगारातून कापून.
कॅरॅव्हॅनचं भाडं कापून. व्हॅनचं कापून.
पाऊस पडला त्या दिवसाचं
काहीच नाही, त्यातूनही कापून.

धनमाया राईनं माझ्या वहीत नाव लिहिलं.
भोजपूर जिल्हा, नेपाळ. आमची लिपी एक.
मुकादम वाकून बघत होता,
त्याला वाटलं असेल नक्षी काढतोय.
नावाखाली तिनं लिहिलं: ऋण, साढे छ लाख.
मी शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं
आणि लगेच जीभ चावली.

अनुहार नखिच्नुस्, दिदी, ती म्हणाली.
चेहरा नको.
मग दोन्ही हात पुढे धरले,
नखं तपासायला बाई आल्यावर धरतो तसे.
मी फोकस करत राहिले. प्रकाश उत्तम होता.
हे लिहितानाही लाज वाटते, की प्रकाश
खरोखरच उत्तम होता.

दुपारच्या दहा मिनिटांत तिनं कॅमेरा मागितला.
वरून डोकावून बघायची त्याची काच,
तिच्यात डावं उजवं होतं, उजवं डावं.
बराच वेळ ती बघत राहिली.
काचेत मजुरांची व्हॅन
शेताकडे येण्याऐवजी
शेतातून निघून चालली होती.
मी समजावून सांगणार होते.
नाही सांगितलं.
तेवढ्यात तिच्या अंगठ्यानं बटण दाबलं,
शिट्टी झाली, आणि ती ओळीत गेली,
पुन्हा वाकली.

रात्री भाड्याच्या खोलीत, न्हाणीघरात अंधार करून
रोल धुतला. बाटलीवर लिहिलेलं असतं,
वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नये, त्यात चांदी असते.
मी ओतलं. डबा भरला होता, सकाळी गाडी होती.
इथलं सगळं पाणी चरांत जातं,
चरांतून पंपाकडे, पंप ते वर
नदीत चढवतो.

खांब नीट आला. हात फारच नीट आले,
भेगांमधला चीकसुद्धा.
बाराव्यात माझे बूट होते,
थोडे तिरके, घोट्यापर्यंतच.
तळव्यांना चिकटलेली माती,
दोन्ही मिळून पाव किलो तरी,
फाटकातून बाहेर नेली होती मी,
कुणी काही कापलं नाही.

टबात बूट धरून नळ सोडला.
बराच वेळ काळं पाणी जात राहिलं.